परबकाकांची घाटी

आमच्या इमारतीतल्या परबकाकांचा लिफ्टशी अबोला आहे.

लिफ्ट न आवडणं वेगळं आणि अबोला वेगळा. अबोल्यात समोरच्याकडे बघायचं नसतं, पण आपण बघत नाही हे त्याला कळलंय ना, याची खात्री करून घ्यायची असते. काका तळमजल्यावर येतात, लिफ्टसमोर थांबतात, मान दुसरीकडे वळवतात, घसा खाकरतात आणि मगच जिन्याकडे जातात. लिफ्टची वाट बघत उभ्या असलेल्यांना जाताजाता ऐकवतात, "बसा, बसा. पेटीत बसा."

लिफ्टला ते पेटी म्हणतात. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी कांदिवलीच्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यात काढली. "जल्मभर मी माल पेटीत भरलंय," ते म्हणतात. "आता म्हातारपणी स्वतःच माल होऊ?"

मी या सोसायटीची सेक्रेटरी. सहाव्या मजल्यावर राहते, नोकरी अंधेरीला. कामं लिहून काढते आणि झाली की त्यांच्यावर रेघ मारते. ही सवय लोकांना कळली आणि पद गळ्यात पडलं. माझ्या कामांत 'परबकाका' हे एक कायमचं काम आहे. त्यावर अजून रेघ मारता आलेली नाही.

आधी जागेबद्दल सांगते. इमारत व्हायच्या आधी आमची वस्ती इथेच होती, दिंडोशीच्या टेकडीच्या अंगावर. पाण्याचा नळ खाली आणि घरं वर. मधे दगडी पायऱ्यांची उभी वाट. कोकणातली माणसं अशा वाटेला घाटी म्हणतात, त्यामुळे आम्ही सगळेच घाटी म्हणायचो. परबांचं घर घाटीच्या बरोब्बर मध्यावर, वळणावर. हंडा घेऊन चढणारी प्रत्येक बाई तिथे हंडा टेकवायची. परबवहिनी ओट्यावर कळशी भरून ठेवायच्या, फुलपात्रातून पाणी द्यायच्या आणि काका आतून ओरडायचे, "दम खा गो! दम खा, मगे वर जा!"

पुढे वस्ती पाडली, पुनर्वसनाची सात मजली इमारत उभी राहिली, परबांना तिसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून घर मिळालं. नव्या घरात वहिनींच्या वाट्याला एकच दिवाळी आली. एकुलती मुलगी मुलुंडला दिलेली, ती रविवारी येते. काकांनी वस्तीतून दोन गोष्टी आणल्या: एक म्हणजे वहिनींची तुळस आणि दुसरी म्हणजे 'दम खा'.

'दम खा' ते सगळ्यांना म्हणतात. गॅस सिलिंडरवाल्याला म्हणतात, उड्या मारणाऱ्या मांजराला म्हणतात, टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्या मुलीलाही म्हणतात. दार दिवसभर सताड उघडं, दारात खुर्ची आणि खुर्चीत काका. इमारतीतली प्रत्येक चप्पल त्यांना आवाजावरून ओळखता येते. तुळशीचं तर विचारूच नका. एवढ्याशा खिडकीत ती अशी माजली आहे की फांद्या ग्रिलबाहेर लोंबतात. इमारतीतल्या बायका खत कोणतं घालता म्हणून विचारून थकल्या. काका म्हणतात, "काय नाय गो. पाणी घालतंय."

तर अशा या इमारतीत एक दिवस वॉर्डातून योजना आली.

योजना घेऊन केतकी मॅडम आल्या. वय जेमतेम तिशीचं, पायात कॅनव्हासचे बूट, काखेत नकाशांची गुंडाळी. सोसायटीच्या ऑफिसात आम्ही पंधरावीस जण जमलो. मॅडम म्हणाल्या, "आपल्यासारख्या वस्त्यांमध्ये लोकांची शारीरिक हालचाल वाढावी, म्हणून परिसराची रचना बदलायची आहे. तुम्ही दिवसात चालता किती?"

"रिक्षा मिळंपर्यंत," पाचव्या मजल्यावरचे जगताप म्हणाले.

जगताप मूळचे साताऱ्याकडचे. स्कूलबस चालवतात आणि कुठल्याही सभेत पहिलं वाक्य त्यांचंच असतं.

"मी चालते ना," मागून एक बाई म्हणाली. "मालिका लागली की रिमोट शोधत घरभर."

मॅडम हसल्या, पण वहीत लिहिलं नाही. "मी आत्ता हायवेपासून इथपर्यंत रस्त्याच्या कडेने चालत आले," त्या म्हणाल्या.

"कुठल्या कडेनं?" जगतापांनी विचारलं.

"मलाही तोच प्रश्न पडला होता."

इथे मात्र त्यांचं आणि आमचं जमलं. त्यांनी नकाशा पसरला. मंजूर झालेल्या निधीत दोनपैकी एकच काम बसत होतं. पहिलं, इमारतीभोवती चालायची वाट. नकाशात ती छान हिरवी होती. दुसरं, जिना. आमचा जिना म्हणजे दिवसाही मोबाइलचा टॉर्च लावून चढायची जागा. तिथे दिवे लावायचे, बंद केलेल्या खिडक्या उघडायच्या, भिंती रंगवायच्या. म्हणजे माणसं आपणहून चढतील.

काका इतका वेळ मागे बसले होते. ते एकदम उभे राहिले. "मॅडम, दुसरा काय करू नका. घाटी करा!"

मॅडमनी नकाशावर वाकून बराच वेळ शोधलं. "घाट? इथे नदी आहे का?"

"नदी नाय गो बाय. घाटी! ही भायर आसा ती!"

मॅडमना जिना दाखवायला काका स्वतः घेऊन गेले. पहिल्या मजल्यापर्यंत जाऊन आले, तर मॅडमचे केस जळमटांनी भरलेले आणि काकांच्या चेहऱ्यावर लग्न ठरल्याचा आनंद. दोन रविवारांनी सभा घेऊन काय ते कळवा, असं सांगून मॅडम गेल्या.

काकांनी प्रचाराला दुसऱ्याच दिवशी सुरुवात केली. सकाळी तळमजल्यावर लिफ्टशेजारी खोक्याचा पुठ्ठा लटकलेला दिसला. त्यावर खडूने, पॅकिंगवाल्याच्या टपोऱ्या अक्षरात:

पेटी टाळा. घाटीने जा.

आता, मुंबईत घाटावरून आलेल्या माणसाला हिणवायचं असलं की घाटी म्हणतात. जगतापांनी हा शब्द शाळेपासून ऐकलेला. ते सकाळी बसची चावी फिरवत खाली आले, पुठ्ठा वाचला, आणि चावी फिरायची थांबली.

"परब! ह्ये कुणी लावलं?"

"मी," काका अभिमानाने म्हणाले.

"घाटीनं जा म्हंजी? घाटी कोण? मी?"

"तू कशाक? घाटी ही रे! ही!" काकांनी जिन्याकडे बोट दाखवलं. जगताप नेमके पहिल्या पायरीवर उभे होते.

"आवं, बोट तर माझ्याकडंच हाय की!"

"तू बाजूक हो, मगे दिसात!"

"आता मी बाजूला पण व्हायचं?"

"अरे, घाटी म्हणजे वाट!"

"मग लागलीच म्हणा तुमच्या योजनेची!"

मी ऑफिसला निघाले होते, तरी मधे पडले. शब्दाचा अर्थ दोघांनाही समजावला. काकांनी चूक मान्य केली, पुठ्ठा दुरुस्त करतो म्हणाले. संध्याकाळी मी परत आले तेव्हा दुरुस्ती झालेली होती. आधीचा मजकूर तसाच होता आणि खाली भर घातली होती: घाटी म्हणजे जिना. जगतापांनी गैरसमज करून घेऊ नये.

ज्यांना सकाळचं भांडण माहीत नव्हतं, त्यांनाही आता माहीत झालं. जगतापांनी पाचव्या, सहाव्या, सातव्या मजल्यावर दारोदार जाऊन सांगितलं की मत चालायच्या वाटेला. जिन्याला एकही पडता कामा नये. आणि त्यांचं म्हणणं लोकांना पटलंही, कारण काकांचं रोजचं 'पेटीत बसा' ऐकून सगळेच कावले होते.

त्यातच लिफ्ट बंद पडायला लागली. बंद म्हणजे बिघडायची नाही. आमची लिफ्ट जाळीच्या सरकत्या दारांची. कुठल्याही मजल्यावरची जाळी अर्धवट राहिली की ती जागची हलत नाही. आणि संध्याकाळी, ऐन माणसं कामावरून यायच्या वेळी, तिसऱ्या मजल्याची जाळी हमखास अर्धवट राहायला लागली. खाली भाजीच्या पिशव्या घेऊन लोक बटण दाबत उभे, आणि लिफ्ट तिसऱ्यावर. कुणीतरी चढून जायचं, जाळी लावायची, तोवर खाली जो काही उद्धार व्हायचा तो परबांचा.

"सरळ हाय," जगताप म्हणाले. "म्हातारा मुद्दाम करतोय. पेटी बंद तर लोक झक मारत जिन्यानं येतील. रविवारच्या सभेत त्याच्यावर कारवाई पाहिजे. आधी ती दारातली खुर्ची उचला."

खुर्ची मलाही उचलायला लागली असती. ती अर्धी घरात आणि अर्धी पॅसेजमध्ये असायची, नियमात बसत नव्हती. पण पुराव्याशिवाय मी कुणावर कारवाई करत नाही. म्हणून शनिवारी संध्याकाळी स्वतःच पाळत ठेवायचं ठरवलं. काका माझी चप्पल ओळखतील म्हणून ती हातात घेतली आणि दुसऱ्या मजल्याकडे जाणाऱ्या जिन्याच्या वळणावर, अंधारात, एका मोडक्या कपाटामागे उभी राहिले. कपाट जिन्यात कोणी ठेवलंय ते विचारायचं, हेही तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

थोड्या वेळाने खालून खाकरणं ऐकू आलं. लिफ्टशी अबोला धरून काका जिना चढत होते. एका हातात दुधाची पिशवी, दुसरा कठड्यावर. पहिल्या मजल्यावर पोचले. थांबले. वर बघितलं, खाली बघितलं. आणि मग, देवाशप्पथ सांगते, लिफ्टचं बटण दाबलं.

लिफ्ट आली. काका पेटीत शिरले.

मी चपला हातात घेऊन धावत सुटले. शाळा सुटल्यापासून मी अशी धावले नव्हते. आमची लिफ्ट सावकाश चालते म्हणून बरं. तिसऱ्या मजल्यावर मी आधी पोचले. लिफ्ट थांबली. आतून जाळी अगदी हळू, आवाज होणार नाही अशी सरकली, आणि परबकाका माझ्यासमोर प्रकट झाले.

मला खूप काही बोलायचं होतं. पण तोंडातून नुसती हवा येत होती. मी कठडा धरून वाकले.

काकांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या चपलांकडे बघितलं.

"दम खा गो," ते म्हणाले. "देवळात इलीस काय?"

मी जाळी धाडकन लावली आणि त्यांच्या दारातल्या त्या बेकायदा खुर्चीत बसले. बोलता यायला लागल्यावर पहिला प्रश्न विचारला, "काका, तुम्ही? पेटीत?"

"तपासणी करी होतंय."

"काका."

"गुडघो," ते म्हणाले. "उतराक देता. चढाक देणा नाय."

"आणि जाळी?"

"जोरात लावली तर केवढ्यान वाजता! लोकांका कळात ना, परब पेटीतसून इलो म्हणान."

म्हणजे मुद्दाम काही नव्हतंच. इमारतीचा लिफ्टवैरी चोरून लिफ्टने येत होता, आणि चोरी उघडी पडू नये म्हणून जाळी उघडी टाकत होता. मला हसू आवरेना. हसताहसता ठसका लागला. काकांनी दारामागच्या स्टुलावरचा तांब्या उचलला, फुलपात्र भरून दिलं. मी एका दमात संपवलं. त्यांनी न विचारता पुन्हा भरलं. तेही संपवलं. मी पाणी पीत होते तेवढा वेळ ते माझ्याकडे बघत उभे होते, दुधाची पिशवी तशीच हातात.

तेव्हा माझं लक्ष स्टुलाकडे गेलं. तांब्याशेजारी आणखी फुलपात्रं होती. घासून लख्ख, एका ओळीत पालथी घातलेली. एवढ्या पाहुण्यांची तयारी, आणि घरात माणूस एक.

"कोण येणार आहे?" मी विचारलं.

"कोण येवचा आसा!" काका म्हणाले. "थय घाटीर हिची कळशी दुपारपर्यंत पुरायची नाय. दोनदा भरूक लागायची. हय तांब्यो सकाळी भरतंय, तो दुसऱ्या सकाळपर्यंत तसोच. शिळा पाणी कोणाक देवचा? तुळशीक घालतंय." ते खिडकीकडे बघून हसले. "तुळस मात्र बरी वाढली."

तुळस दांडगीच वाढली होती. ग्रिलमधून बाहेर गेलेल्या फांद्या वाऱ्याने हलत होत्या. आमच्या समोरून लिफ्ट माणसं घेऊन वर गेली. जाळीतून खांदे दिसले, मग पिशव्या, मग पाय. काका पायांकडे बघत राहिले.

"पेटीत चपलेचो आवाज येणा नाय," ते म्हणाले.

मी उठले. सहावा मजला होता तरी जिन्यानेच गेले.

रविवारी सभेला सगळी इमारत लोटली होती. केतकी मॅडमही आल्या होत्या. जगताप पहिल्या रांगेत. विषय पहिला, लिफ्ट. "परब मुद्दाम जाळी उघडी टाकतात," जगतापांनी सुरुवात केली. काका मागे खाली मान घालून बसले होते. माझ्याकडे बघतही नव्हते.

"चौकशी झाली," मी म्हणाले. "तिसऱ्या मजल्याची जाळी गंजली होती, नीट लागत नव्हती. सकाळी मी तेल घातलं. आता आवाज न होता लागते. तक्रार मिटली."

जाळी गंजली होती हे खरंच होतं. काकांनी मान वर केली.

विषय दुसरा, योजना. मतदानाआधी मी फक्त अटी मोठ्याने वाचून दाखवल्या. ते माझं कामच आहे. "चालायच्या वाटेसाठी इमारतीभोवतीची पूर्ण जागा मोकळी करून द्यावी लागेल. तिथे कोणतंही वाहन उभं करता येणार नाही." इथे मी जरा थांबले. जगतापांची स्कूलबस त्याच जागेवर, इमारतीच्या मागच्या बाजूला उभी असते.

"कोणतंही म्हंजी?" जगताप म्हणाले.

"कोणतंही."

"मोठं पण?"

"मोठं तर आधी."

जगतापांनी वरच्या तीन मजल्यांकडे वळून बघितलं. मग बसल्या जागी खाकरले. "तसा जिना पण वाईट न्हाई," ते म्हणाले. "तब्येतीला चांगला. पण त्याला घाटी म्हणायचं न्हाई. हे लिहून घ्या."

लिहून घेतलं. जिना मंजूर झाला. काका टाळ्या वाजवत राहिले, बाकीच्यांच्या थांबल्या तरी.

काम छान झालं. खिडक्या उघडल्या, दिवे लागले, प्रत्येक मजल्याची भिंत वेगळ्या रंगात आली. तिसऱ्या मजल्याला केतकी मॅडमनी आकाशी रंग दिला. मोडकं कपाट कुणाचं ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण गेलं. सुरुवातीला माणसं हौसेने चढली, भिंतींपाशी फोटो काढले. मग हळूहळू पुन्हा लिफ्टसमोर रांग लागली. भिंती रंगवल्या म्हणून कामावरून थकून आलेला माणूस लगेच चढायला लागत नाही. मॅडम पाहणीला आल्या तेव्हा थोड्या हिरमुसल्या. "लोकांना वर जाताना मधे थांबायला काहीतरी कारण लागतं," त्या म्हणाल्या.

कारण ही मला व्यवस्था करता येण्यासारखी गोष्ट वाटली.

आमच्या गच्चीची किल्ली वॉचमनकडे असायची. कपडे, पापड, गोधड्या, पाण्याची टाकी बघणं, पोरांचे पतंग, सगळ्याला ती किल्ली लागते. मी सूचना लावली: अडीअडचणीसाठी एक किल्ली वॉचमनकडे राहील. रोजच्या वापराची किल्ली तिसऱ्या मजल्यावर, श्री. परब यांच्या दारातल्या खिळ्याला. घेताना आणि ठेवताना त्यांना सांगावं. खुर्ची पॅसेजमधून आत घ्यायला लावली, ते नियमाप्रमाणे. पण दार उघडं ठेवायला कुठल्याच नियमाची हरकत नाही.

पहिल्या आठवड्यात कुरकुर झाली. दुसऱ्या आठवड्यात पापडवाल्या बायका किल्ली घेताघेता तिथेच गप्पा मारत बसायला लागल्या. तिसऱ्यावर थांबायचंच आहे तर पेटीसाठी कशाला ताटकळायचं, म्हणून बऱ्याच जणी जिन्याने यायला लागल्या. बायकांमागून पोरं आली. एकदा मी जिन्याने वर येत होते तर आकाशी भिंतीपाशी जगतापांचा आवाज. ते युनिफॉर्म वाळत घालायला किल्ली न्यायला आले होते आणि खुर्चीत बसून फुलपात्राने पाणी पीत होते.

"परब, घाटावरचं पाणी ह्याहून गोड असतंय, सांगून ठेवतो," ते म्हणत होते.

"मगे थयच जावन पी," काका म्हणाले आणि त्यांचं फुलपात्र पुन्हा भरलं.

परवा ऑफिसातून आले तर काका तळमजल्यावर माझी वाट बघत उभे. चेहरा गंभीर.

"सेक्रेटरीबाई, तक्रार लिहून घे."

"कोणाविरुद्ध?"

"ह्या तुझ्या किल्लीविरुद्ध. मेली माणसा दिवसभर येतत. पाणी पितत. तांब्यो पुरणा नाय. सकाळपासून दोनदा भरलंय." त्यांनी आवाज खाली आणला. "तुळशीक घालूक थेंब उरणा नाय. पाना सुकाक लागली तिची."

मी तक्रार लिहून घेतली. मग आम्ही दोघं पहिल्या मजल्यापर्यंत जिन्याने गेलो, आणि मी वर बघितलं, खाली बघितलं, आणि त्यांच्यासाठी पेटीचं बटण दाबलं.